पिवळ्याचं पांढरं झालं

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या काकांचा फोन आला, "दिवाळी अंकात तुझ्या कामाबद्दल लिही. तरुण लोकांचं काही येतच नाही." मी म्हटलं, काका, माझी मराठी घरातली आहे, शाळा पूर्ण हिंदीत झाली, वेलांटी कुठे छोटी कुठे मोठी ते मला आजपर्यंत कळलं नाही. ते म्हणाले, "वेलांट्या आम्ही पाहून घेऊ. तू बोलतेस तसं लिही." तर बोलते तसं लिहून राहिली आहे. आणि मी बोलते फार भराभर, म्हणून कुठे हात सुटला तर दोन ओळी मागे जाऊन परत पकडा.

मी व्हिडिओ एडिटर आहे. जबलपूरच्या विजय नगरात एका बेकरीच्या वर माझी खोली आहे, दोन स्क्रीन, एक कूलर, आणि खालून दिवसभर येणारा टोस्टचा वास. मुख्य काम लग्नांचं. बाकी मग कोचिंगच्या जाहिराती, दुकानांची उद्घाटनं, कोणाच्या रिटायरमेंटचा सत्कार. लोकांना वाटतं एडिटिंग म्हणजे कापायचं आणि गाणं चिकटवायचं. ते तर आहेच. पण माझा अर्धा जीव जातो रंगात, आणि त्या अर्ध्यातला अर्धा खातो तो ग्लो.

ग्लो तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे, नाव माहीत नसेल. नवरी येते आणि तिच्याभोवती उजेड असा पसरतो, दिव्याच्या वाती फुगतात, सगळं मऊ मऊ होतं, जसं काचेवर कोणी हलकीच फूंक मारली. नाव कोणालाच घेता येत नाही, पाहिजे मात्र सगळ्यांना. "दीदी, वो सपने जैसा वाला." "मलाईवाला कर दो." एका काकूंनी सांगितलं, "दुधात बुडवल्यासारखं कर ना, बाई." मला सगळ्यात लवकर तेच समजलं.

तर हा ग्लो रंग खातो. हे मला कोणत्या क्लासमध्ये शिकवलं नाही, गिऱ्हाइकांनी शिकवलं.

पहिला झटका दिला कोचिंगच्या एका सरांनी. जाहिरात होती, सर फळ्यापुढे उभे राहून बोलतात एवढंच. "चेहरे पे तेज आना चाहिए, बेटा," असं म्हणाले, आणि मी नवीनच होती, मी ग्लो घातला. आता ग्लो आधी कुठे जातो, तर चित्रात जे सगळ्यात उजळ आहे तिथे. सगळ्यात उजळ होतं सरांचं टक्कल. पूर्ण जाहिरातभर सरांचं डोकं पेटलेलं, आणि वरच्या ट्यूबलाइटमुळे त्याच्याभोवती निळं कडं. सरांनी शांतपणे शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मैं फिज़िक्स पढ़ाता हूँ. इसमें तो मैं खुद ही प्रकाश का स्रोत हूँ."

त्या दिवशी मी थ्रेशोल्ड शिकली. मी त्याला उंबरठा म्हणते. किती उजळ असेल तरच ग्लोनं आत यायचं, ते ठरवणारा आकडा. उंबरठा खाली ठेवला की ग्लो घरभर फिरतो, टकलावर पण बसतो.

दुसरे सिहोऱ्याचे मटारवाले भैया. जबलपुरात राहून मटार माहीत नाही असा माणूस नाही, थंडीत अर्धं शहर सोलत बसलेलं असतं. या भैयांचं पाकिटातल्या मटारचं काम होतं. मोठा ढीग, वरून हात दाणे सोडतो, स्लो मोशन. मी ग्लो लावला आणि मला फार आवडलं. त्यांनी फोन डोळ्याजवळ नेला, दूर नेला.

"दीदी, ये मटर है कि कंचे?"

खरंच. दाणे काचेच्या गोट्या वाटत होते, टूथपेस्टसारखे हिरवे-निळे. मग मी बसून त्यांना समजावलं, तेच तुम्हाला समजावते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्याला तीन डबे असतात. लाल, हिरवा, निळा. सगळे रंग या तिघांच्या कमीजास्तपणातून बनतात. तिन्ही रिकामे म्हणजे काळा, तिन्ही काठोकाठ म्हणजे पांढरा. ग्लो म्हणजे वरून अजून उजेड ओतणं. आता मटारात हिरवा डबा आधीच भरलेला. तुम्ही ओतता, हिरव्यात जागा नाही, सांडून जातं. निळ्यात आणि लालमध्ये जागा आहे, ते भरत जातात. मग हिरवा हिरवा राहत नाही, फिका पडतो, दुसरीकडे कलतो.

भैया म्हणाले, "मतलब बोरा भर गया, और आप भरे जा रही हो."

हो. भरलेल्या पोत्यात ओतणं, एवढंच आहे. यावर लोक तास तासभराचे व्हिडिओ बनवतात.

यावर उपाय आहेत. एक म्हणजे प्रोजेक्टची एक सेटिंग बदलायची, त्यानं डबे मोठे होतात, सांडत नाही, शेवटी हळूच खाली आणायचं. दुसरा माझा लाडका. ग्लोचा थर वेगळा काढायचा, त्यातला रंग पूर्ण मारायचा, फक्त उजेड ठेवायचा, आणि सगळ्यात वर मूळ चित्राचा रंग परत पांघरायचा. मतलब उजेड ग्लोचा, रंग मूळचा. हे जमलं की चित्र चमकतं पण कोणाचा रंग जात नाही. आणि हे करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा करायची असते. प्रत्येक थराच्या बाजूला एक छोटा डोळा असतो. तो बंद केला की तो थर दिसेनासा होतो, खालचं खरं चित्र दिसतं. उघडा, बंद. उघडा, बंद. आधी काय होतं, आता काय झालं. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात साधी गोष्ट आहे. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता स्नेहलच्या लग्नाचं सांगते. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात झालं. स्नेहलची आई, शुभांगी काकू, माझ्या बेकरीपासून दोन गल्ल्या सोडून राहतात. माहेर त्यांचं इथलंच, भाऊ खमरियात फॅक्टरीत आहे, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो. सासर नागपूरचं. यांच्याकडे एक रीत आहे. नवरीला गौरीहराच्या पूजेला मामाकडची पिवळी नेसवतात. साधी सुती साडी, काठ नाही, बुटी नाही. बाकी लोक दुकानातून पिवळी आणतात. स्नेहलच्या मामाकडे तसं चालत नाही. पांढरी आणायची, आणि मामीनं घरी हळदीच्या पाण्यात भिजवून अंगणात सावलीत वाळवायची. मग ती नेसून पूजा, आणि मामा दंड धरून नवरीला मांडवात आणतो. कच्ची हळद ती, जिथे लागेल तिथे बसते.

लग्न छान झालं. मी मोठा व्हिडिओ बनवायच्या आधी मोबाईलवर पाठवायला एक छोटी क्लिप बनवली. स्नेहल तोपर्यंत रायपूरला सासरी गेली होती. तिला दाखवली तर तिचा मेसेज, "दीदी मस्त आहे, पण अजून थोडं ड्रीमी करा ना." मी केलं. तिला अजून पाहिजे होतं. मी अजून केलं. मांडवाच्या मागे पांढऱ्या लाइटच्या माळा होत्या, भरपूर. त्या माळांचा उजेड फुगला, पसरला, आणि येऊन पडला पिवळीवर.

पिवळा रंग म्हणजे काय, तर लाल आणि हिरवा डबा काठोकाठ, निळा जवळजवळ रिकामा. वरून पांढरा उजेड ओता. लाल सांडला, हिरवा सांडला, निळा भरला.

तिन्ही भरले.

आणि मला ते दिसलं नाही. इतके दिवस मी त्याच साडीकडे पाहून राहिली होती की डोळ्याला माहीतच होतं पिवळी आहे, म्हणून त्याला पिवळीच दिसत होती. क्लिप पाठवली. काकूंनी फॅमिली ग्रुपवर टाकली. बदाम, फुलं, हात जोडलेले. आणि मग नागपूरची आत्या, म्हणजे स्नेहलच्या वडिलांची बहीण. गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून ती लग्नाला आली नव्हती, तिनं लग्न पाहिलं ते याच क्लिपमध्ये. तिनं लिहिलं, "सगळं सुंदर. पण गौरीहराले पोरीले पांढरी नेसवली का? मामानं रंग नाही दिला का?"

 मग कोणीतरी हसणारा चेहरा टाकला. त्याच्याखाली लगेच ती बारीक ओळ आली, मामा ग्रुपमधून बाहेर पडल्याची.

काकू दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या. बसल्या नाहीत.

"तू हे पाहिलं का नीट?"

"काय काकू?"

"पोरीची पिवळी."

मी क्लिप लावली आणि या वेळी मला दिसलं. पांढरी. क्रीम नाही, मोती नाही, पांढरी. 

"काकू, हे सॉफ्टवेअरचं आहे, मी आत्ता ठीक करते. तोपर्यंत तुम्ही साडीचा फोटो काढून ग्रुपवर टाका ना. सगळ्यांना दिसेल पिवळी आहे ते."

काकू आता बसल्या. "कुठली पिवळी? स्नेहलनं तिकडे साबणानं धुतली. हळदीला साबण लागला की लाल होते, माहीत आहे ना? मग उन्हात घातली, तर उडाली. आता ती खरंच पांढरी आहे. मळकी पांढरी."

"बाकीच्या लोकांच्या मोबाईलमध्ये असतील की फोटो."

"टाकले ना मी. आत्याबाई म्हणतात, यात तर भटजीही पिवळा दिसून राहिला."

हॉलचे दिवे पिवळे होते, त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आणि फोटोग्राफरच्या फोटोंवर तो आजकालचा फिक्का फिल्टर होता, त्यात तर मेंदीही राखाडी.

"दादा म्हणतो, भाऊबीजेला येत नाही," काकू म्हणाल्या. "म्हणतो, पांढरं देणाऱ्याला कशाला बोलावतेस. माझा एकच भाऊ आहे ग. वहिनीनं दोन दिवस हात पिवळे करून घेतले त्या साडीसाठी, आणि लोकांना वाटून राहिलं की रंगाला हळद नव्हती घरात." मग उठल्या. दारातून म्हणाल्या, "तू चांगली पोरगी आहेस. पण ठीक कर."

हे "चांगली पोरगी आहेस" मला अजून टोचतं.

मग मी जी बसली ती बसलीच. बेकरीवाल्या भैयांनी वर येऊन दोनदा विचारलं, काही खाल्लं का. डबे मोठे केले. उंबरठा वर नेला. माळांना वेगळं कापून त्यांचा ग्लो त्यांच्यापुरता ठेवला. ग्लोचा रंग मारला, मूळ रंग वरून पांघरला. पिवळी परत आली. आली, पण आता जास्त आली. पिवळ्याची झाक गळायला लागली, भटजींच्या धोतरावर, पाटाच्या कडेवर, आणि सगळ्यात जास्त मामाच्या पांढऱ्या शर्टावर, कारण तो तिला लागूनच चालत होता. ती झाक मी पुसत बसली. मामाच्या शर्टाभोवती एक रेघ आखायची, आतला पिवळा काढायचा, मामा एक पाऊल पुढे गेला की रेघ पण पुढे न्यायची. बाहीवर एक जागा फार हट्टी होती. सगळी झाक निघे, ती निघेना, मामासोबत चालत राही. मी तिच्या मागेच लागली. तिला वेगळी धरून पूर्ण धुतली. बाही अशी निघाली की साबणाच्या जाहिरातीत लावा. मला इतका आनंद झाला की मी एकटीच खुर्चीत गोल फिरली.

एक अडचण मात्र उरली. कोणता पिवळा? पिवळे किती असतात बाप्पा. लिंबाचा, मोहरीचा, झेंडूचा, वरणाचा. कॅमेऱ्याचं सेटिंग त्या दिवशी मांडवाच्या दिव्यांनी गडबडलेलं होतं, त्यामुळे मूळ चित्रातल्या पिवळ्यावरही माझा पूर्ण विश्वास नव्हता. आणि चुकीचा पिवळा लावला असता तर आत्याबाईंनी लिहिलं असतं, आता रंगवून आणली वाटते. साडी तर गेलेली. मग विचारायचं कोणाला, तर ज्यांनी रंगवली त्यांनाच.

रविवारी सकाळी लॅपटॉप पाठीवर टाकून स्कूटीनं खमरियाला गेली. मामीनं दार उघडलं, काकूंनी फोन केला होताच. मामा पेपर वाचत बसले होते, पेपर खाली केला नाही.

"तू ती व्हिडिओवाली का?"

"हो मामा."

"पांढरं करणारी."

"हो."

"अहो, पोरगी घरी आली आहे," मामी म्हणाल्या.

"मग बसव ना तिले. मी काही म्हटलं का?"

मामी पोहे आणायला गेल्या. मी तिथल्या स्टूलवरचे तीन स्टीलचे ग्लास घेतले, तांब्यातलं पाणी घेतलं, आणि मटारवाल्या भैयांना सांगितलं ते सगळं मामांना करून दाखवलं. हा लाल, हा हिरवा, दोन्ही भरलेले. हा निळा, रिकामा. आता मी वरून ओतते. पाणी स्टूलवरून खाली त्यांच्या पेपरावर गेलं. मामांनी पेपर बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे भरलेल्यात ओतलं."

"हो."

"काहून ओतलं?"

"स्नेहल म्हणाली अजून स्वप्नासारखं कर."

"अन् तू केलं."

"हो."

"हं," मामा म्हणाले. मग ओला पेपर झटकत, "तिले लहानपणापासून सगळं जास्तच लागते. चहात साखर पण." हे हसून म्हणाले की रागानं, मला नाही सांगता येणार.

मी लॅपटॉप उघडून नवी क्लिप लावली. मामी पदराला हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या. गौरीहर आला, पिवळी आली, मामी म्हणाल्या, "आली बाई." मामांनी चष्मा लावला. स्नेहलचा दंड धरून ते मांडवाकडे येऊन राहिले होते, तिथे म्हणाले, "मागे घे." घेतलं. "अजून एकदा." घेतलं. मी मनात म्हटलं, पिवळा चुकला. लिंबाकडे गेला बहुतेक.

"साडी झाली पिवळी," मामा म्हणाले. "माझा शर्ट कुठे आहे?"

मला समजलंच नाही. "हा काय मामा. हे तुम्हीच ना."

"मी तर मीच आहो. शर्ट माझा नाही. माझ्या बाहीले डाग होता."

"तो ग्लोचा होता मामा, साडीच्या रंगाची झाक पडते बाजूच्यावर, ती मी सगळी पुसून..."

मी हे म्हणेपर्यंत मामा उठून आत गेले होते. दाराच्या मागच्या खुंटीवरून पांढरा शर्ट घेऊन आले. उजवी बाही माझ्यापुढे धरली. कोपराच्या वर हळदीचा डाग होता, ओबडधोबड, आणि त्याच्या कडेला बोटांचे ठसे.

"तिनं धरलं होतं," मामा म्हणाले. "मी तिचा दंड धरला, अन् तिनं पदर धरलेल्या घामट हातानं माझी बाही धरली. पोरगी कापून राहिली होती. कोणाले दिसलं नाही. मले लागलं."

"किती वेळा म्हटलं धुवून टाकते," मामी मला म्हणाल्या. "हात लावू देत नाहीत. साबणानं लाल होईल म्हणतात. दाराच्या मागे लटकवून ठेवला आहे, कोणी पाहुणे आले की मला लाज वाटते."

मी लॅपटॉपकडे वळली आणि पहिल्यांदा, इतक्या सगळ्या कामानंतर पहिल्यांदा, सगळ्या थरांचे डोळे बंद केले. ग्लो गेला, पुसापुशी गेली, खालचं मूळ चित्र उघडं पडलं. बाहीवर डाग होता. कॅमेऱ्यानं सरळ सरळ घेतला होता. माझ्या कामातली सगळ्यात साधी गोष्ट मी त्या बाहीवर केलीच नव्हती. मला खात्री होती ना, की पिवळं दिसून राहिलं म्हणजे ती माझ्याच ग्लोची घाण आहे. म्हणून एक खरी पिवळी मी पांढरी केली होती, आणि ती परत आणता आणता दुसरं खरं पिवळं पण पांढरं केलं होतं. आणि खुर्चीत गोल फिरली होती.

"मामा," मी म्हटलं, "मला हा शर्ट थोडा वेळ पाहिजे."

"नेऊ नको."

"नाही नेत. खिडकीत धरा."

खिडकीतून चांगला उजेड येत होता. मामांनी बाही लॅपटॉपच्या बाजूला धरली आणि मी तिथेच, त्यांच्या स्टूलवर, साडीचा पिवळा त्या डागाशी मिळवायला बसली. साडीचा रंग त्या साडीपेक्षा त्या बाहीत जास्त उरला होता, दाराच्या मागे ऊन लागलं नव्हतं, साबण लागला नव्हता.

"अजून कच्चा आहे," मामी म्हणाल्या.

"आता?"

"आता आंब्यासारखा झाला. आंबा नको. हळद पाहिजे."

"तुले काय समजते त्यातलं," मामा म्हणाले.

"रंगवली कोणी? तुम्ही?"

मामा बाही धरून उभेच. हात दुखला असेल, पण त्यांनी खाली केला नाही. मी पोह्याच्या प्लेटीशी पण एकदा लावून पाहिलं, पोह्यात कांद्यामुळे रंग वेगळा पडतो, नाही जमलं. शेवटी एका जागी मामी म्हणाल्या, "थांब," आणि मी बोट काढून घेतलं.

मग मामाच्या शर्टाभोवतीची रेघ काढून टाकली. डाग परत आला, मामासोबत चालायला लागला. ग्लो इतका कमी केला की माळा माळांसारख्या दिसायला लागल्या. मामांनी एकदा पूर्ण पाहिलं, चष्मा काढला, शर्ट घडी न करता पुन्हा खुंटीवर नेऊन लावला. मला सोडायला फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "स्कूटी हळू चालव. तू बोलतेस तशी चालवू नको."

नवी क्लिप स्नेहलला पाठवली तर ती म्हणाली, "दीदी, ड्रीमी कमी झालं." मी म्हटलं, हो. कारण सांगितलं नाही, ते तिला मामांनीच सांगावं, त्यांना पाहिजे तेव्हा.

काकूंनी आधी मामांना ग्रुपमध्ये परत घेतलं. ते कसं काय राजी झाले मला माहीत नाही, मामींनी त्यांच्या फोनवरून काही केलं असेल. मग माझ्याच खोलीत बसून काकूंनी क्लिप टाकली, म्हणाल्या, "तू समोर आहेस तर मला धीर आहे." मी म्हटलं मला नाही आहे. दोघी एकाच फोनमध्ये डोकं घालून बसलो. बदाम. फुलं. मग आत्याबाई टाईप करून राहिल्या असं दिसायला लागलं. बंद झालं. पुन्हा दिसायला लागलं. काकूंनी माझं मनगट पकडलं होतं.

"आता छान," आत्याबाईंनी लिहिलं. "पिवळी उठून दिसते. मागच्या वेळी मोबाईलचं असेल काही. पण मामांच्या बाहीले डाग आहे, तो काढता नाही आला का त्या पोरीले?"

त्या पोरीनं डोळे मिटून घेतले. काकू म्हणाल्या, "मी उत्तर देऊ का?" पण त्यांच्या आधी मामांचं आलं. त्या ग्रुपवर मामांनी तोपर्यंत कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं, काकू म्हणतात, वाढदिवसाला सुद्धा नाही.

"डाग नाही. पिवळीचा रंग आहे. राहू द्या."

आता खरं सांगते, यानंतर मी शांत व्हायला पाहिजे होती. झाली नाही, उलट झालं. रस्त्यात स्कूलबस दिसली की मी तिचा पिवळा मनात मोजते, निळा किती असेल यात. जेवताना वरणाकडे पाहत बसते, आई म्हणते, खा, ते काही पळून नाही जाऊन राहिलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जुने प्रोजेक्ट. मी झाक म्हणून किती काय काय पुसलं आहे, धोतरावरचं, पदरावरचं, कोणाच्या गालावरचं. त्यातली झाक किती आणि खरं किती? काही उघडून पाहते. काहींची मूळ फाईलच नाही आता, ती डिस्क मी दुसऱ्या कामाला वापरली. त्या लोकांच्या घरी ते व्हिडिओ स्वच्छ आहेत. कोणी तक्रार केली नाही. मला मात्र राहून राहून वाटतं की कोणाच्या तरी दाराच्या मागे एखादा शर्ट असेल.

भाऊबीजेला मामा आले. कोणी विचारेल म्हणून सांगते, तो शर्ट घालून नाही आले, मामींनी घेतलेला नवा पांढरा होता. काकूंनी मला फोटो पाठवला, मामा पाटावर, पुढे निरांजनाचं ताट, मागे दिवाळीला माहेरी आलेली स्नेहल, मान अर्धी बाहेर काढून. खाली लिहिलं होतं, "याला थोडा ग्लो लाव ना. थोडाच."

मी थोडाच लावला. निरांजन फुगलं, ताटाची कडा चमकली. मामाच्या नव्या शर्टावर, खिशाच्या वर, एक लाल ठिपका दिसला. माझा हात आपोआप पुसायला गेला. मग मी डोळा बंद केला आणि खालचं पाहिलं.

ओवाळताना कुंकू सांडलं होतं. ठेवलं.